मालिका आणि तिचा पुढचा चित्रपट यांची तुलना कशी करावी: ‘फायरफ्लाय’ आणि ‘सेरेनिटी’

मालिका आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट समोर आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन्हींत सरस कोणतं? त्यावर गप्पा चांगल्या रंगतात, पण लिहायला बसलं की दोन परिच्छेदांत विषय संपतो. कामाचा प्रश्न वेगळा आहे. काय बदललं, आणि ते कशामुळे बदलावं लागलं? या प्रश्नाचा सराव करायला ‘फायरफ्लाय’ आणि ‘सेरेनिटी’ यांच्याइतकी सोयीची जोडी विज्ञानकथांत क्वचितच सापडते.

जॉस व्हीडन यांची ‘फायरफ्लाय’, एका अवकाशयानावरच्या नऊ जणांची कथा, २० सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला थांबली. १४ भाग तयार झाले होते, पण त्या तीन महिन्यांत ११च दाखवले गेले. डिसेंबर २००३ मध्ये सगळे भाग डीव्हीडीवर आले. चित्रपटाचे हक्क युनिव्हर्सलने घेतले, २००४ मध्ये चित्रीकरण झालं आणि ‘सेरेनिटी’ ३० सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मालिकेचा कर्ता आणि चित्रपटाचा लेखक-दिग्दर्शक एकच, नऊही मुख्य कलाकार तेच, यानही तेच. एवढ्या गोष्टी कायम राहिल्या, म्हणून जे बदललं ते ठळक दिसतं. त्यातलं बरंचसं माध्यमामुळे बदललं आहे, आणि तुलना करणाऱ्याने पकडायचं ते हेच.

पुढे दोन्हींची कथा शेवटापर्यंत उघड केली आहे. पाहिलं नसेल तर आधी पाहून घ्या.

आधी प्रत नीट निवडा

‘सेरेनिटी’ हे नाव चार ठिकाणी येतं. यानाचं नाव तेच, ज्या खोऱ्यातल्या लढाईत कॅप्टन मॅल हरला त्या खोऱ्याचंही तेच, मालिकेच्या पहिल्या दुहेरी भागाचं तेच आणि चित्रपटाचंही तेच. म्हणून टिपणांत पहिल्या भागाला ‘भाग १’ आणि चित्रपटाला ‘चित्रपट’ असंच लिहा. नाहीतर दोन आठवड्यांनी तुमचीच नोंद तुम्हाला कळायची नाही. शोधताना वर्षही तपासा, कारण २०१९ मध्ये याच नावाचा एक अगदी वेगळा चित्रपट आला आहे.

दुसरी अडचण भागांच्या क्रमाची. फॉक्सने सुरुवात ‘द ट्रेन जॉब’पासून केली आणि सगळ्यांची ओळख करून देणारा दुहेरी भाग सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला दाखवला. ‘ट्रॅश’, ‘द मेसेज’ आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे तीन भाग तेव्हा दाखवलेच नाहीत. डीव्हीडीवरचा, म्हणजे कर्त्याला अभिप्रेत असलेला क्रम असा आहे: सेरेनिटी (दुहेरी), द ट्रेन जॉब, बुशव्हॅक्ड, शिंडिग, सेफ, अवर मिसेस रेनॉल्ड्स, जेन्सटाउन, आउट ऑफ गॅस, एरियल, वॉर स्टोरीज, ट्रॅश, द मेसेज, हार्ट ऑफ गोल्ड, ऑब्जेक्ट्स इन स्पेस. तुमच्याकडच्या प्रतीत पहिला भाग लढाईच्या रणधुमाळीत सुरू होत नसेल, तर क्रम चुकीचा आहे. चुकीच्या क्रमाने पाहिल्यावर इनारा या सहप्रवासी स्त्रीचं यान सोडणं अचानक वाटतं, प्रयोगशाळेतून पळालेल्या रिव्हर या मुलीचं जहाजावर रुळणं विस्कळीत वाटतं, आणि मग दोष चित्रपटाच्या माथी मारला जातो.

तिसरी गोष्ट वेळेच्या नोंदींची. भारतातल्या डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीच्या असू शकतात. सेकंदाला २४ चौकटींनी घेतलेलं चित्रण तिथे २५ चौकटींनी धावतं, त्यामुळे सगळंच सुमारे ४ टक्के लवकर संपतं. ११९ मिनिटांचा चित्रपट ११४ मिनिटांत आटोपतो, ४४ मिनिटांचा भाग ४२ मिनिटांत. मालिका पाल डीव्हीडीवर आणि चित्रपट ब्लू-रेवर पाहिला तर प्रसंगांच्या लांबीची तुलना चुकते. दोन्ही एकाच प्रकारच्या प्रतीवर पाहा. ते जमत नसेल तर पाल डीव्हीडीवरच्या वेळेला १.०४ने गुणा.

टीव्हीवरचं ‘झूम’ किंवा ‘पडदा भरा’ हे सेटिंग बंद ठेवा. मालिका १६:९ मापात चित्रित झाली होती, पण वाहिनीवर ४:३ मध्ये दाखवली गेली. डिस्कवर ती पूर्ण रुंदीची आहे. चित्रपट त्याहूनही रुंद, २.३५:१ मापात आहे आणि त्याच्या वर-खाली काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते घालवायला चित्र ताणलंत, तर कडेला उभी असलेली माणसं कापली जातात आणि चौकटीबद्दलची तुमची सगळी निरीक्षणं वाया जातात.

किती वेळ लागेल

पहिला भाग सुमारे ८६ मिनिटांचा, बाकीचे १३ प्रत्येकी सुमारे ४४ मिनिटांचे. मालिकेचे एकूण ११ तास होतात, चित्रपटाचे दोन. पहिल्या फेरीत काहीही न लिहिता हे सगळं क्रमाने पाहा. सलग पाहायची गरज नाही, पण शेवटचा भाग आणि चित्रपट यांच्यात निदान दोन दिवस जाऊ द्या. लागलीच पाहिलात तर चित्रपटातला मॅल खटकतो. दोघांमध्ये काही महिन्यांचा काळ लोटला आहे, ही कथेतली गोष्ट अंगवळणी पडायला थोडी उसंत लागते.

दुसरी फेरी टिपणांची. तिच्यासाठी सगळे भाग लागत नाहीत. भाग १, बुशव्हॅक्ड, सेफ, आउट ऑफ गॅस, एरियल, वॉर स्टोरीज आणि ऑब्जेक्ट्स इन स्पेस हे सात पुरतात. त्यांना सुमारे सहा तास लागतात. ‘हार्ट ऑफ गोल्ड’चा फक्त शेवटचा प्रसंग पाहा, त्यात इनारा आपण जाणार असल्याचं सांगते. चित्रपटाचं म्हणाल, तर तो दुसऱ्या फेरीत थांबत थांबत पाहायला चार तास सहज लागतात.

टिपणांची वही

पानावर पाच रकाने आखा: मालिकेत काय आहे (भाग आणि वेळ), चित्रपटात काय आहे (वेळ), नेमका फरक, कारण, आणि पुरावा. कारणाच्या रकान्यात वाक्यं लिहू नका, खुणा करा.

‘वे’ म्हणजे वेळ कमी असल्यामुळे झालेला बदल. ‘न’ म्हणजे मालिका न पाहिलेल्या नव्या प्रेक्षकासाठी केलेला. ‘पै’ म्हणजे पैसा आणि तंत्र वाढल्यामुळे शक्य झालेला. ‘क’ म्हणजे कथाच पुढे सरकल्यामुळे झालेला. पात्र वागण्यात बदललं, कारण मधल्या काळात काही घडलं. कारण ठरवता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. एका बदलाला दोन खुणा चालतात. तीन लागल्या तर तुम्ही दोन वेगळे बदल एकाच ओळीत कोंबले आहेत, ते सुटे करा.

सगळ्यांत जास्त घोळ ‘वे’ आणि ‘क’ यांच्यात होतो. सायमन (रिव्हरचा डॉक्टर भाऊ) आणि केली (यानाची मेकॅनिक) यांचं जुळणं चित्रपटात लवकर उरकलं आहे असं वाटतं आणि हात ‘वे’कडे जातो. पण दोघांचं अडखळणं मालिकाभर चाललेलं होतं. चित्रपट फक्त शेवटची पायरी चढतो. तिथे ‘क’ हवा. उलट शेफर्ड बुक हा धर्मोपदेशक यानावर राहत नाही, हेवन नावाच्या वस्तीत राहतो, हे ‘क’ वाटतं. पण तो का गेला हे चित्रपट सांगतच नाही. नऊ जणांना दोन तासांत बसवायचं होतं, म्हणून एकाला बाहेर ठेवलं. तिथे ‘वे’च.

याचा एक ढोबळ हिशेबही मांडून ठेवा. मालिकेची ६५८ मिनिटं नऊ जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७३ येतात; चित्रपटाची ११९ वाटली तर १३. माणसं एकत्र दिसतात, त्यामुळे हे आकडे शब्दशः खरे नाहीत. पण ‘अमक्याला चित्रपटात वावच दिला नाही’ असं लिहिण्याआधी हे प्रमाण डोळ्यांसमोर असावं.

पहिला धडा: ओळख करून देण्याच्या दोन पद्धती

तुलनेची सुरुवात दोन्हींच्या आरंभापासून करा, कारण इथे फरक मोजता येतो.

भाग १ सेरेनिटी खोऱ्यातल्या पराभवाने उघडतो. मॅल लढाईआधी गळ्यातल्या क्रुसाचं चुंबन घेतो, आणि मग त्याची बाजू त्याला वाऱ्यावर सोडते. सहा वर्षांनंतर तो एका मोडक्या यानातून माल चोरतो आहे. वॉश पहिल्यांदा दिसतो तो चालकाच्या जागेवर बसून खेळण्यातल्या डायनोसॉरांशी संवाद रंगवताना. पर्सेफोनी ग्रहावर प्रवासी चढतात: बुक, डॉब्सन, सायमन. सायमनच्या पेटीत काय आहे ते कळायला भागाचा बराचसा वेळ जातो. प्रेक्षक सायमनकडे संशयाने पाहतो, कारण मॅलही तसाच पाहतो. लेखकाच्या हातात ८६ मिनिटं आणि पुढचे भाग आहेत, म्हणून तो अशी वाट पाहायला लावू शकतो.

चित्रपटाला हे परवडत नाही. त्याने केलेली उकल बारकाईने पाहण्यासारखी आहे. पृथ्वी सोडून माणसं नव्या सूर्यमालेत आली, हा इतिहास निवेदनाने सुरू होतो. मग कळतं की तो आवाज एका शिक्षिकेचा आहे आणि आपण रिव्हरच्या शाळेतल्या वर्गात आहोत. शिक्षिका हातातली लेखणी रिव्हरच्या कपाळात खुपसते, आणि आपण प्रयोगशाळेत येतो, तिच्या कपाळात सुई आहे; वर्ग तिच्या मनातला होता. सायमन तिला सोडवतो. ते दृश्य मध्येच गोठतं आणि कळतं की हे घडून गेलेलं चित्रण आहे, ते ‘ऑपरेटिव्ह’ नावाचा सरकारी माणूस पाहतो आहे. एकात एक चार थर. प्रत्येक थर फुटताना नव्या प्रेक्षकाला एक माहिती मिळते, आणि जुन्याच्या पायाखालची जमीन सरकते. वहीत या चार थरांच्या वेळा लिहा आणि प्रत्येकासमोर ‘इथे नव्या प्रेक्षकाला काय कळलं’ एवढंच नोंदवा. नुसती माहिती देणारं वाक्य आणि माहिती देता देता घडणारा प्रसंग, यांतला फरक त्यातून शिकता येतो.

त्यानंतर यानावर रंगवलेल्या नावावर शीर्षक येतं, आणि लवकरच मॅल चालक-कक्षातून निघून खाली मालाच्या कोठीपर्यंत चालत जातो. कॅमेरा चार मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मागे राहतो. वाटेत वॉश, झोई, शस्त्रं गोळा करणारा जेन, इंजिनाशी झटणारी केली, आणि रिव्हरला चोरीवर नेण्यावरून भांडणारा सायमन भेटतात. चालणं संपतं ते रिव्हरपाशी. हा सलग वाटणारा शॉट प्रत्यक्षात दोन तुकड्यांचा आहे. यानाचे वरचे आणि खालचे मजले वेगवेगळ्या सेटवर उभारले होते, त्यामुळे मधे एक सांधा लपवावा लागला. कॅमेरा कुठे झपकन वळतो ते पाहा, तो तिथेच आहे. स्टॉपवॉच लावा आणि प्रत्येक पात्राला किती सेकंद मिळतात ते लिहा. मग तीच पात्रं भाग १ मध्ये पहिल्यांदा कधी आणि किती वेळ दिसतात ते लिहा. एवढ्या एका तक्त्यातून पानभर लेखन निघतं.

आणखी एक पाहा. या फेरीत सातच जण भेटतात. इनारा आणि बुक यानावर नाहीतच. दोघांना बाहेर ठेवून ओळख सोपी केली आहे. इनाराच्या जाण्याचा पाया मालिकेत घातलेला आहे, बुकच्या नाही. त्यामुळे वहीत इनारापुढे ‘वे’ आणि ‘क’ अशा दोन खुणा येतील, बुकपुढे एकच.

विसंगती सापडली की काय करायचं

या जोडीतली सगळ्यांत गाजलेली विसंगती रिव्हरच्या सुटकेची आहे. भाग १ मध्ये सायमन सांगतो की एका भूमिगत गटाने त्याच्याशी संपर्क साधला. पैसे पुरवल्यास तिला शीतनिद्रेत बाहेर काढून पर्सेफोनीपर्यंत आणून देऊ, असं ते म्हणाले. चित्रपटात सायमन स्वतः अधिकाऱ्याच्या वेशात आत शिरतो आणि तिला बाहेर काढतो.

बहुतेक लोक इथे ‘लेखक स्वतःचंच लिहिलेलं विसरला’ असं म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. चार पायऱ्यांनी जा.

आधी दोन्ही प्रसंगांतले संवाद शब्दशः उतरवून घ्या, आठवणीवर विसंबू नका. मग कोण सांगतो आणि कुणाला ते पाहा. मालिकेत सायमन अनोळखी माणसांना सांगतो आहे आणि कॅप्टन त्याच्यावर चिडलेला आहे. आपण फक्त त्याचं म्हणणं ऐकतो. चित्रपटात घटना चित्रणाच्या रूपात समोर आहे. तेव्हा तोलायची वेळ आली तर चित्रपटाचा पुरावा जड ठरतो. तिसरी पायरी, दोन्हींत जुळणारं काय ते शोधा. चित्रपटातही सांगितलं जातं की सायमनने वैद्यकातलं उज्ज्वल भविष्य सोडलं आणि आत शिरण्यासाठी संपर्क जोडण्यात सगळी संपत्ती घालवली. म्हणजे पैसा आणि मध्यस्थ दोन्हीकडे आहेत, फरक शेवटच्या कृतीचा आहे. चौथी पायरी, बदलाने काय साधलं ते विचारा. पडद्यावर न आलेल्या गटाकडून झालेली सुटका चित्रपटाला उपयोगाची नव्हती. नव्या प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत भावाचं बहिणीवरचं प्रेम कृतीतून दिसायला हवं होतं, कारण पुढचा सगळा पाठलाग त्यावर उभा आहे. खूण: ‘न’, जोडीला ‘वे’.

आमच्या मते हा बदल चित्रपटाच्या फायद्याचा आहे, पण मालिकेतल्या सायमनचं थोडं नुकसान करतो. भाग १ मधला सायमन हुशार आहे, पण दांडगाईच्या जगात नवखा आहे; ‘सेफ’मध्ये बहिणीच्या पत्रांतली सांकेतिक भाषा ओळखणारा आणि आईवडिलांना ते पटवता न येणारा मुलगा दिसतो. इतका सराईत वेषांतर करणारा माणूस त्याच्याशी सहज जुळत नाही. असं स्पष्ट लिहायला हरकत नाही, फक्त आधीच्या चार पायऱ्या चढलेल्या असाव्यात.

याच पद्धतीने दुसरी विसंगती तपासा: रिव्हरचा पाठलाग का होतो? ‘एरियल’मध्ये सायमन रुग्णालयातल्या यंत्रावर तिच्या मेंदूची तपासणी करतो आणि वारंवार शस्त्रक्रिया झाल्याचं त्याला कळतं. मालिकेत ती पळून गेलेला प्रयोग आहे. चित्रपटात कारण आणखी टोकदार होतं: सत्ताधारी तिला पाहायला आले, आणि ती मनं वाचू शकते, म्हणून त्यांची गुपितं तिच्या डोक्यात आली. ही विसंगती नव्हे, भर आहे. ‘वॉर स्टोरीज’मध्ये ती डोळे मिटून तिघांना गोळ्या घालते, ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’मध्ये इतरांच्या मनातलं ऐकते, दोन्ही शक्ती आधी पेरलेल्या आहेत. ‘चित्रपटात रिव्हर एकदम लढवय्यी झाली’ असं लिहिणाऱ्याने हे दोन भाग पाहिलेले नसतात.

रीव्हर टोळ्या: न दाखवण्याकडून दाखवण्याकडे

हा भाग सगळ्यांत सकस आहे, वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा पण हा करा.

रीव्हर (रिव्हर या मुलीशी संबंध नाही) म्हणजे अवकाशात माणसांवर तुटून पडणाऱ्या रानटी टोळ्या. मालिकेत त्यांचे चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. भाग १ मध्ये त्यांचं यान शेजारून जातं आणि सगळे श्वास रोखून बसतात. झोई त्या वेळी सायमनला त्यांच्या हाती पडल्यास काय होतं ते थंडपणे सांगते. ‘बुशव्हॅक्ड’मध्ये त्यांनी लुटलेलं यान आणि वाचलेला एक माणूस आहे, त्याचं पुढे काय होतं यावरून भीती कळते. अवकाशाच्या टोकाला जाऊन पोकळीकडे पाहता पाहता ती माणसं बिथरली, असा समज यानावर आहे. एलायन्सचे, म्हणजे सत्ताधारी सरकारचे, अधिकारी तर ती दंतकथाच मानतात.

चित्रपट त्यांना दाखवतो, लढताना दाखवतो, आणि कारण देतो. मिरांडा ग्रहावर माणसं शांत व्हावीत म्हणून हवेत ‘पॅक्स’ नावाचं रसायन सोडलं. ३ कोटी लोकांनी काम, बोलणं, खाणं, शेवटी जगणंच सोडलं. हजारातल्या एकावर उलटा परिणाम झाला, तो हिंसक बनला; तेच रीव्हर. गुणाकार करून पाहा, सुमारे ३०,००० माणसं. आकडा वहीत लिहाच, कारण एका ग्रहाच्या पापातून एवढ्या टोळ्या कशा निघाल्या याचं उत्तर त्यात आहे.

आता विचारायचे प्रश्न. भीती वाढली की कमी झाली? तीन जागा निवडा: भाग १ मधलं शेजारून जाणारं यान, बुशव्हॅक्डमधला वाचलेला माणूस, आणि चित्रपटात लायलॅक नावाच्या वसाहतीवरच्या चोरीनंतरचा पाठलाग. प्रत्येकात रीव्हर किती सेकंद दिसतात, आवाज काय आहेत आणि पात्रांचे चेहरे किती वेळ दिसतात ते मोजा. दिसण्याची वेळ वाढली की चेहऱ्यांवरची कमी झाली, असं आढळेल. मालिकेची भीती चेहऱ्यांतून येते, चित्रपटाची धावाधावीतून. केवळ ‘पै’ अशी खूण करून थांबू नका. रीव्हर दाखवण्याची ऐपत आली हे खरं, पण दाखवण्याची गरज ‘क’मधून आली, ज्यांना राक्षस समजलो ते सरकारने घडवलेले बळी होते, हे चेहरा न दाखवता सांगता आलं नसतं.

दुसरा प्रश्न किमतीचा. कारण कळल्यावर ‘पोकळीने वेडावलेली माणसं’ ही मालिकेतली धूसर, अंगावर येणारी कल्पना संपते. चित्रपटाने ती देऊन राजकीय आशय घेतला. सौदा योग्य होता असं आम्हाला वाटतं, पण तो सौदा होता हे लेखात आलं पाहिजे.

पात्रं: नऊ नव्हे, तीन निवडा

नऊ जणांवर एकेक परिच्छेद लिहिलात तर यादी होते. तीन निवडा. मॅल टाळता येत नाही. चित्रपटात लायलॅकवर एक माणूस त्यांच्या वाहनाला लटकतो, मॅल त्याला ढकलून देतो, आणि तो रीव्हरांच्या हाती लागल्यावर त्याला गोळी घालून सोडवतो. हा मालिकेतला मॅल नव्हे, अशी तक्रार नेहमी होते. ‘एरियल’चा शेवट काढा: गद्दारी करणाऱ्या जेनला तो यानाबाहेर फेकण्याच्या बेतात होता. कठोरपणा आधीपासून आहे. नवीन आहे तो एकाकीपणा. क्रूस चुंबणारा, मग देवावर रुसलेला माणूस मालिकाभर तसाच राहतो; चित्रपटात बुक त्याला कशावर तरी विश्वास ठेवायला सांगतो, आणि शेवटी मॅल ज्यासाठी मरायला तयार होतो ते सत्य आहे, देव नव्हे. समोर ऑपरेटिव्ह आहे, त्याचा विश्वास अढळ आहे आणि त्यासाठी तो मुलंही मारतो. ही जोडी नीट मांडली की चित्रपटाचा अर्धा अर्थ हाती येतो.

झोई आणि वॉश यांना एकत्र घ्या. ‘वॉर स्टोरीज’मध्ये निस्का नावाचा गुंड झोईला मॅल आणि वॉश यांतला एक निवडायला सांगतो, त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच ती नवऱ्याकडे बोट दाखवते. हा प्रसंग ताजा असताना चित्रपटातला वॉशचा मृत्यू पाहा. तो यान उतरवतो, एक वाक्य बोलायला लागतो, आणि भाला आरपार जातो. झोईला रडायला वेळ दिलेला नाही. शेवटी मॅल विचारतो की यान टिकेल ना, ती सांगते की फाटलंतुटलं आहे, पण उडेल. बोलणं यानाबद्दलचं असलं तरी स्वतःबद्दलचं आहे. मालिका न पाहिलेल्याला हा मृत्यू धक्का देतो, पाहिलेल्याला पोरकं करतो. एकाच प्रसंगाचे दोन प्रेक्षकांवरचे परिणाम वेगळे लिहायचे, ते इथेच.

तिसरं पात्र बुक घ्या. ‘सेफ’मध्ये त्याचं ओळखपत्र पाहताच एलायन्सचे अधिकारी धावपळ करून उपचार करतात. चित्रपटात मॅल त्याच्या भूतकाळाविषयी सांगायला सुचवतो आणि बुक नकार देतो. सुटलेला धागा म्हणून गुण कापू नका, तो जाणूनबुजून न सोडवलेला आहे. ‘ब्लू सन’ कंपनीचा मालिकेतला धागा मात्र खरोखरच मागे पडला.

विरोधकांची तुलना थोडक्यात उरका. निळे हातमोजे घातलेले दोघे जण ‘द ट्रेन जॉब’ आणि ‘एरियल’मध्ये येतात आणि गूढच राहतात, असं गूढ पुढच्या भागांच्या भरवशावर पोसता येतं. दोन तासांत वाद घालू शकणारा एकच माणूस हवा, म्हणून चिवेटेल एजिओफोर यांचा ऑपरेटिव्ह.

चित्र आणि आवाज

मालिकेचे छायालेखक डेव्हिड बॉइड, चित्रपटाचे जॅक ग्रीन. संगीत मालिकेला ग्रेग एडमन्सन यांचं, चित्रपटाला डेव्हिड न्यूमन यांचं. मालिकेत हातातला कॅमेरा, भिंगात शिरणारे प्रकाशाचे ओरखडे आणि अवकाशातही अचानक जवळ जाणारा झूम आहे. चित्रपटात यातलं काय उरलं ते दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे आवाज बंद करून पाहिल्याशिवाय ठरवू नका. यानाचा आतला सेट मालिका संपल्यावर मोडला होता आणि चित्रपटासाठी पुन्हा उभारावा लागला, त्यामुळे बारीक फरकांना कथेतला अर्थ चिकटवू नका. मालवाहू ‘म्यूल’ मालिकेत चारचाकी आहे, चित्रपटात तरंगते. ती निव्वळ ‘पै’.

अवकाशात मालिका निःशब्द असते, तिथे फक्त संगीत वाजतं. चित्रपटातल्या शेवटच्या मोठ्या लढाईत स्फोट ऐकू येतात. हेडफोन लावून आवाज नेमका कुठे सुरू होतो ते नोंदवा.

नेहमी घडणाऱ्या चुका

मालिकेला ‘खोल’ आणि चित्रपटाला ‘उथळ’ म्हणणं. ११ तास आणि २ तास यांत खोली मोजायची तर एक भाग आणि चित्रपटाचा एक अंक अशी बरोबरी करा. ‘आउट ऑफ गॅस’ घ्या आणि मिरांडावरचा प्रसंगक्रम घ्या, मग बोला.

२००५ च्या ‘दोज लेफ्ट बिहाइंड’ या कॉमिकचा पुरावा म्हणून वापर. मालिका आणि चित्रपट यांमधला काळ त्यात आहे, बुकचं जाणं आणि निळ्या हातांचा शेवटही. पण चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ते ठाऊक असण्याची अट चित्रपटाने घातलेली नाही. कॉमिकमधून आलेली माहिती वहीत वेगळ्या शाईने लिहा आणि चित्रपटाचं मोजमाप करताना ती बाजूला ठेवा.

कमाईवरून निकाल देणं. सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर खर्च आणि जगभरात सुमारे ४ कोटींची कमाई, एवढ्यावरून दुसरा चित्रपट का आला नाही ते कळतं. पहिला कसा होता ते नाही. त्याच चित्रपटाला २००६ चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला, आणि तोही गुणवत्तेचा अंतिम दाखला नव्हे.

लिहिताना

वहीतल्या नोंदी मोजा. साठ-सत्तर झाल्या असतील तर दहा ठेवा. ज्यांच्या ‘पुरावा’ रकान्यात वेळ लिहिलेली नाही त्या आधी काढा. उरलेल्या कारणांच्या खुणेप्रमाणे लावा. पात्रांप्रमाणे लावल्यात तर लेख पुन्हा यादीकडे घसरतो. पंधराशे शब्दांच्या लेखात आरंभाची तुलना चारशे, सुटकेची विसंगती तीनशे, रीव्हर टोळ्या चारशे, आणि झोई-वॉश किंवा मॅल यांना उरलेले, अशी वाटणी चांगली बसते. मालिकेची कथा सांगण्यात शंभराहून जास्त शब्द घालवू नका.

लेख झाल्यावर दोन माणसांना वाचायला द्या: एकाने फक्त चित्रपट पाहिलेला असावा, दुसऱ्याने दोन्ही. पहिला जिथे अडखळेल तिथे तुम्ही मालिका गृहीत धरली आहे, तिथे एक वाक्य घाला. दुसरा जिथे कंटाळेल तिथून कथासार काढा. दोघेही एकाच जागी थांबले तर बहुधा कारणाची खूण चुकली आहे. वहीकडे परत जाऊन तो प्रसंग पुन्हा पाहा.